शून्य सेकंदाच्या अलीकडे

महास्फोटाचं ते प्रसिद्ध चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असणार. डाव्या टोकाला एक लखलखीत ठिपका, तिथून उजवीकडे रुंदावत गेलेला कर्णा, कर्ण्यात आधी काळोख, मग तारे, मग दीर्घिका आणि खाली काळाची पट्टी. पट्टीच्या उजव्या टोकाला १३८० कोटी वर्षं, म्हणजे आज. डाव्या टोकाला शून्य. चित्र बरंचसं खरं आहे. फक्त तो डावा ठिपका चित्रकाराने स्वतःच्या जबाबदारीवर काढलेला असतो, कारण कागदावर काहीतरी काढणं भाग असतं. तिथे काय होतं याचं खात्रीचं गणित आज कोणाकडेही नाही.

आधी पक्का भाग उरकून घेऊ. आइनस्टाइनने नोव्हेंबर १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत पूर्ण केला. त्याचं सार असं की वस्तुमान आणि ऊर्जा यांच्यामुळे अवकाश आणि काळ यांना बाक येतो, आणि त्या बाकालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. १९२२ मध्ये फ्रीडमन यांनी ही समीकरणं अख्ख्या विश्वाला लावून पाहिली, तेव्हा विश्व प्रसरण पावत असू शकतं असं उत्तर आलं. १९२७ मध्ये लमेत्र स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले, आणि १९२९ मध्ये हबल यांच्या मोजमापांत दूरच्या दीर्घिका खरोखरच दूर पळताना दिसल्या.

आता हा चित्रपट उलटा फिरवा. सगळं जवळ येतं, दाटतं, तापतं. उलट्या वाटेवरचा पहिला भक्कम थांबा ३ लाख ८० हजार वर्षांचा. त्याआधी विश्वातला वायू इतका तापलेला होता की अणू टिकत नव्हते आणि प्रकाश धुक्यात अडकावा तसा अडकून पडला होता. तापमान सुमारे ३००० केल्विनपर्यंत उतरल्यावर धुकं निवळलं आणि प्रकाश मोकळा सुटला. तोच प्रकाश आज ताणून ताणून सूक्ष्मलहरी झालेला, २.७२५ केल्विन तापमानाचा, सगळ्या दिशांनी आपल्याकडे येतो. पेन्झियस आणि विल्सन यांना तो काही केल्या न जाणारी अँटेनातली खरखर म्हणून सापडला, आणि १९६५ मध्ये तिचा अर्थ लागला. आणखी मागे, पहिल्या काही मिनिटांत, हेलियमची केंद्रकं बनली. वजनाने साधारण पाव हिस्सा हेलियम असायला हवा असं गणित सांगतं, आणि आकाशात तेवढाच सापडतो. म्हणजे पहिल्या सेकंदापर्यंत मागे जाताना पायाखालची जमीन चांगली घट्ट आहे.

पण तिथेही न थांबता पार शून्यापर्यंत गेलो तर समीकरणं अनंत घनता आणि अनंत तापमान दाखवतात. पूर्वी अनेकांना वाटायचं की हा दोष विश्व अगदी सारखं, गुळगुळीत धरल्यामुळे येत असेल. तसं नव्हतं. अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या समीकरणाचा आधार घेऊन पेनरोज आणि हॉकिंग यांनी १९६५ ते १९७० या काळात सिद्ध केलं की काही माफक अटी मान्य केल्या तर आइनस्टाइनच्या सिद्धांतात असं टोक टळतच नाही.

‘अनंत’ हा शब्द ऐकून भारावून जायचं कारण नाही. अर्धवट बंद केलेल्या नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब बारकाईने बघा. तो खाली ओढला जातो, वर एक मान तयार होते, मान बारीक बारीक होत जाते आणि तुटते. द्रवांच्या प्रवाहाची समीकरणं या क्षणाला लावली की मानेची जाडी शून्य होते आणि दाब अनंताकडे धावतो. प्रत्यक्षात अनंत काहीही होत नाही, थेंब मुकाट्याने खाली पडतो. समीकरणं पाण्याला सलग पदार्थ मानतात आणि मान काही रेणूंइतकी बारीक झाली की ते मानणं चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शून्य सेकंदाचा ठिपकाही बहुधा याच जातीचा आहे. तिथे अवकाशकाळाला सलग मानणं चालत नसावं. मग अवकाशकाळाचे ‘रेणू’ कोणते, किंवा रेणूंच्या जागी दुसरं काय आहे? अणू आणि मूलकणांचे क्वांटम नियम गुरुत्वाकर्षणाला लावायचे, म्हणजे क्वांटम गुरुत्वाकर्षणाचा शोध घ्यायचा, तो याचाच.

इथे एक गैरसमज दूर करतो. क्वांटम सिद्धांत आणि गुरुत्वाकर्षण यांचं हाडवैर आहे, दोन्ही एका खोलीत नांदत नाहीत, असं सर्रास लिहिलं जातं. मला हे वाक्य अतिरंजित वाटतं. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या प्रयोगशाळेत २००२ मध्ये अतिशय थंड, म्हणजे सेकंदाला काही मीटर एवढ्याच वेगाचे, न्यूट्रॉन एका सपाट आरशावरून सोडले गेले. आरशावर ते चेंडूसारखे टप्पे घेतात. वरच्या बाजूला न्यूट्रॉन गिळणारं एक छत होतं, आणि आरसा व छत यांच्यातली फट कमी-जास्त करता येत होती. साधा चेंडू कितीही बुटका टप्पा घेऊ शकतो. न्यूट्रॉनला ती मुभा नाही. फट मिलिमीटरच्या सुमारे दीड शतांश भागाहून कमी झाली की पलीकडे जवळजवळ एकही न्यूट्रॉन पोहोचत नव्हता. अणूतल्या इलेक्ट्रॉनला जशा ठरावीक पायऱ्या असतात, तशा पृथ्वीच्या ओढीत न्यूट्रॉनलाही असतात, आणि सगळ्यात खालची पायरीसुद्धा जमिनीला चिकटलेली नसते. क्वांटम कण गुरुत्वाकर्षणात पडतो तेव्हा काय होतं, हे आपल्याला उत्तम कळतं.

घोडं अडतं ते पुढे. त्या प्रयोगात पृथ्वी एका जागी, तिची ओढ ठरलेली, आणि क्वांटमपणा सगळा न्यूट्रॉनचा. उलटं केलं तर? १९५७ मध्ये अमेरिकेतल्या चॅपल हिल इथल्या परिषदेत फाइनमन यांनी हाच मुद्दा लावून धरला. क्वांटम नियमांनुसार एखादी गोळी ‘इथे’ आणि ‘तिथे’ अशा दोन्ही शक्यतांच्या मिश्रणात ठेवता येते. मग त्या गोळीची स्वतःची ओढ कुठून येते? इथून, तिथून, की मधल्या सरासरी जागेवरून? ओढ म्हणजे अवकाशकाळाचा बाक हे आठवलं तर प्रश्न आणखी टोचतो, कारण मग मिश्रण गोळीचं उरत नाही, अवकाशकाळाच्याच दोन आकारांचं होतं. क्वांटम सिद्धांताच्या नेहमीच्या मांडणीत काळ हा बाहेर भिंतीवर टांगलेल्या घड्याळासारखा असतो. इथे घड्याळच मिश्रणात सापडलं.

यावर साधा उपाय असा की विद्युतचुंबकत्वासाठी जे केलं तेच गुरुत्वाकर्षणासाठी करायचं. प्रकाशाचा कण फोटॉन, तसा गुरुत्वाकर्षणाचा ग्रॅव्हिटॉन. हे केलं गेलंय आणि काही अंशी ते उत्तम चालतं. अडचण हिशेबाच्या पुढच्या टप्प्यांत येते. अशा हिशेबात विद्युतचुंबकत्वातही अनंत येतात, पण ते इलेक्ट्रॉनचा भार आणि वस्तुमान या दोन मोजलेल्या आकड्यांत जिरवता येतात, आणि मग बाकी सगळी उत्तरं दशांशाच्या कितीतरी स्थानांपर्यंत बरोबर येतात. गुरुत्वाकर्षणात ग्रॅव्हिटॉनलाही ऊर्जा असते, म्हणून तो स्वतःही ओढ निर्माण करतो, त्या ओढीचे ग्रॅव्हिटॉन पुन्हा ओढ निर्माण करतात, आणि प्रत्येक टप्प्यावर नवा अनंत जिरवायला नवा मोजलेला आकडा लागतो. असे आकडे संपतच नाहीत. ’ट हूफ्ट आणि वेल्टमन यांनी १९७४ मध्ये पदार्थासह गुरुत्वाकर्षण घेतलं तर पहिल्याच टप्प्यावर हे घडतं असं दाखवलं. निव्वळ गुरुत्वाकर्षणात दुसऱ्या टप्प्यावर तेच होतं, हे १९८५ च्या सुमारास गोरॉफ आणि साग्नोत्ती यांनी दाखवलं.

तरीही कमी ऊर्जेला या हिशेबातून ठाम उत्तर निघतं. न्यूटनच्या नियमात क्वांटममुळे किती फरक पडतो, हे काढता येतं. एक मीटर अंतरावर हा फरक मूळ बलाच्या तुलनेत दशांशचिन्हानंतर जवळजवळ ७० शून्यं मांडल्यावर सुरू होतो. म्हणून म्हणतो, भांडण नाही. हिशेब चोख आहे, पण तो एका ठिकाणी संपतो.

ते ठिकाण कोणतं, हे काढायला मोठं गणित लागत नाही. समजा, तुम्हाला अतिशय बारीक अंतर मोजायचंय. बारीक बघायला छोट्या तरंगलांबीचा प्रकाश लागतो. तरंगलांबी जितकी छोटी तितकी त्या फोटॉनची ऊर्जा जास्त, हा क्वांटमचा नियम. ऊर्जेला ओढ असते, हा आइनस्टाइनचा नियम. म्हणजे जितकं बारीक बघायला जाल तितकी जास्त ऊर्जा तितक्याच छोट्या जागेत कोंबावी लागेल. शेवटी एक वेळ अशी येते की कोंबलेल्या ऊर्जेचं कृष्णविवर होतं, आणि जे बघायचं होतं तेच त्याच्या आत गडप होतं. यापुढे ऊर्जा वाढवली तर कृष्णविवर मोठं होईल, दृष्टी बारीक होणार नाही. हे जिथे घडतं त्या लांबीला प्लांक लांबी म्हणतात. दशांशचिन्हानंतर ३४ शून्यं आणि मग १६, इतके मीटर. प्रकाशाला ती ओलांडायला लागणारा वेळ म्हणजे दशांशचिन्हानंतर ४३ शून्यं आणि मग ५४, इतके सेकंद. ही लांबी एक मिलिमीटर होईल इतकं सगळं फुगवलं तर एकच प्रोटॉन सुमारे ११ प्रकाशवर्षं रुंद होईल. सूर्याला सोडून आपल्याला सगळ्यात जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर आहे.

गंमत म्हणजे प्लांक वस्तुमान मुळीच सूक्ष्म नाही. ते सुमारे २२ मायक्रोग्रॅम, म्हणजे पाव मिलिमीटरच्या वाळूच्या कणाएवढं. पण तेवढी ऊर्जा, म्हणजे मोटारीच्या टाकीभर पेट्रोलची ऊर्जा, एकाच मूलकणात असायला हवी. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमधल्या टकरीची ऊर्जा तिथवर न्यायला ती एकावर १५ शून्यं इतक्या पट वाढवावी लागेल.

मोजमापाच्या या मर्यादेचा विचार पहिल्यांदा नीट मांडला तो सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ मात्वेई ब्रॉन्स्टाइन यांनी, १९३६ मध्ये. अवकाश आणि काळ या कल्पनाच बहुधा सोडून द्याव्या लागतील, असं त्यांना तेव्हाच दिसत होतं. स्टालिनच्या दडपशाहीत फेब्रुवारी १९३८ मध्ये त्यांना गोळी घालण्यात आली. वय ३१.

जाता जाता, ‘महास्फोटानंतर इतक्या इतक्या अब्जांश सेकंदाने’ असं वाचाल तेव्हा एक ध्यानात ठेवा. ते सेकंद ज्या शून्यापासून मोजतात, तो शून्य समीकरणं जिथे चालत नाहीत तिथपर्यंत ताणून मिळवलेला असतो. नंतरच्या घटनांमधली अंतरं खरी, पण पट्टीचं टोक कल्पनेतलं.

प्लांक ऊर्जेचं यंत्र बांधता येत नाही, मग आशा कुठे आहे? आकाशात. त्या जुन्या प्रकाशाचं तापमान सगळीकडे जवळजवळ सारखं आहे, आणि हेच आधी कोडं होतं, कारण आकाशाच्या दोन विरुद्ध टोकांना एकमेकांशी तापमान जुळवायला साध्या प्रसरणात कधी वेळच मिळालेला नाही. १९८० च्या आसपास स्टारोबिन्स्की आणि गूथ यांनी वेगवेगळ्या वाटांनी एक कल्पना मांडली. अगदी सुरुवातीला अवकाश निमिषमात्रात दुप्पट, पुन्हा दुप्पट, पुन्हा दुप्पट असं फुगलं, किमान एकावर २६ शून्यं इतक्या पट. याला अतिप्रसरण म्हणतात. आधी एकमेकांना चिकटून असलेले कोपरे त्यात दूर फेकले गेले.

खरी मेख पुढे आहे. क्वांटम नियमांनुसार कोणतंही क्षेत्र पूर्ण शांत बसत नाही, त्यात सतत बारीक थरथर असते. एरवी ती उठते आणि विरते. पण अवकाश भसाभस फुगत असताना थरथरीच्या लाटा ताणल्या गेल्या, विरायला त्यांना सवडच मिळाली नाही, आणि त्या तशाच गोठल्या. मुखानोव्ह आणि चिबिसोव्ह यांनी १९८१ मध्ये याचं गणित केलं. या गोठलेल्या थरथरीमुळे कुठे पदार्थ किंचित जास्त, कुठे किंचित कमी. जास्त तिथे ओढ जास्त, आणि कोट्यवधी वर्षांत तिथेच दीर्घिका. १९९२ मध्ये कोबे उपग्रहाच्या निरीक्षणांत त्या जुन्या प्रकाशातले ठिपके दिसले, तापमानातला फरक एक लाखात एक भाग एवढाच. अतिप्रसरणाच्या साध्या प्रारूपांनी आणखी एक बारकावा सांगितला होता. मोठे ठिपके छोट्यांपेक्षा अगदी थोडे जास्त जोरदार हवेत. सगळे सारखेच जोरदार असते तर त्याचा निर्देशांक नेमका १ आला असता. प्लांक उपग्रहाने मोजला तो ०.९६५.

माझ्या मते या विषयातलं हे सगळ्यात सुंदर पान आहे. अणूहून लहान थरथर आकाशभर पसरलेली दिसते, आणि तिच्या गणितात क्वांटम सिद्धांत आणि बाकदार अवकाश दोन्ही एकत्र वापरावेच लागतात. अतिप्रसरण सिद्ध झालं, असं मात्र म्हणता येणार नाही. ते कशामुळे झालं हे माहीत नाही, आणि त्याला पर्याय सुचवणारे लोकही आहेत.

अतिप्रसरण झालं असेल तर पदार्थाबरोबर खुद्द अवकाशकाळही थरथरला असणार, आणि त्या थरथरीच्या गुरुत्वीय लहरींनी जुन्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणात, म्हणजे त्याच्या कंपनांच्या दिशेत, एक विशिष्ट भोवऱ्यासारखी नक्षी उमटवलेली असणार. ती सापडली तर गुरुत्वाकर्षणाच्या क्वांटमपणाचा तो थेट ठसा ठरेल. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने नक्षी सापडल्याचं जाहीर केलं. जगभर मथळे झळकले. नक्षी होतीही, पण आपल्याच आकाशगंगेतली धूळ तशीच नक्षी उमटवते. प्लांक उपग्रहाने धूळ वेगळ्या तरंगलांब्यांवर मोजली होती. २०१५ च्या सुरुवातीला दोन्ही गटांनी मिळून हिशेब केला, आणि धूळ वजा केल्यावर दावा टिकला नाही. दुर्बिणीने चूक केली नव्हती, निष्कर्षाची घाई झाली होती. शोध अजून चालू आहे. २०२१ च्या मोजमापांनुसार अवकाशकाळाच्या थरथरीचा जोर पदार्थाच्या थरथरीच्या ३.६ टक्क्यांहून कमीच असला पाहिजे.

आता ठिपक्याच्या जागी काय, यावरची उत्तरं. स्ट्रिंग सिद्धांत कणांना बिंदू न मानता कंपन पावणारे तंतू मानतो. १९७४ मध्ये त्यातल्या एका नकोशा वाटणाऱ्या कंपनाचे गुणधर्म नेमके ग्रॅव्हिटॉनचे निघाले, आणि अनंतांची कटकटही मिटताना दिसली. किंमत म्हणून दहा मिती आणि संभाव्य विश्वांची अफाट संख्या स्वीकारावी लागते. सुरुवातीच्या क्षणाबद्दल मात्र हा सिद्धांत अजून स्वच्छ बोलत नाही.

दुसरी वाट लूप क्वांटम ग्रॅव्हिटीची. अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइनस्टाइनची समीकरणं नव्या चलांत लिहिली आणि ती क्वांटमच्या भाषेत आणणं सोपं झालं. रोव्हेली, स्मोलिन आणि इतरांनी पुढे दाखवलं की या मांडणीत क्षेत्रफळ हवं तितकं लहान करता येत नाही, त्याचा सगळ्यात छोटा तुकडा असतो. थेंबाच्या मानेतले रेणू आठवा. २००१ मध्ये बोजोवाल्ड यांनी हे विचार विश्वाला लावले, आणि २००६ मध्ये अष्टेकर, पाव्ह्लोव्स्की आणि परमप्रीत सिंह यांनी संगणकावर विश्वाचा चित्रपट उलटा चालवला. अनंत आलंच नाही. घनता प्लांक घनतेच्या सुमारे ४१ टक्क्यांवर पोहोचली, तिथे गुरुत्वाकर्षण ओढायच्या ऐवजी ढकलू लागलं, आणि पलीकडे एक आकुंचन पावणारं विश्व दिसलं. महास्फोटाच्या जागी महाउसळी. ऐकायला मोह पडतो, पण हे गणित आधीच गुळगुळीत धरलेल्या विश्वाचं आहे. संपूर्ण सिद्धांतातून तेच निघतं असं अजून कोणी दाखवलेलं नाही. हार्टल आणि हॉकिंग यांचा १९८३ चा प्रस्ताव आणखी वेगळा. सुरुवातीजवळ काळ अवकाशासारखाच होतो, त्यामुळे ‘त्याच्या आधी काय’ हा प्रश्न दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेला काय, यासारखा निरर्थक ठरतो.

यातलं काही तपासता येतं का? थोडं येतं. अवकाश दाणेदार असेल तर जास्त ऊर्जेचा प्रकाश किंचित वेगळ्या वेगाने जाईल, असं काहींना वाटत होतं. १० मे २००९ रोजी फर्मी दुर्बिणीने सुमारे ७३० कोटी वर्षं प्रवास करून आलेला गॅमा किरणांचा झोत टिपला. त्यातला सर्वांत जोमदार, ३१ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन स्फोट सुरू झाल्यापासून एका सेकंदाच्या आत पोहोचला होता. अशा वेगफरकाची साधी प्रारूपं त्या एका फोटॉनने अडचणीत आणली.

आणि फाइनमनचा प्रश्न आता प्रयोगशाळेच्या टेबलावर येऊ घातलाय. २०१७ मध्ये सौगतो बोस व सहकारी, आणि स्वतंत्रपणे मार्लेटो व वेद्रल यांनी सुचवलं की दोन सूक्ष्म कण घ्यायचे, उदाहरणार्थ हिऱ्याचे. प्रत्येकाला ‘इथे’ आणि ‘तिथे’ अशा मिश्रणात ठेवायचं, दोन जागांमध्ये साधारण पाव मिलिमीटर अंतर. दोन-अडीच सेकंद त्यांना एकमेकांशेजारून पडू द्यायचं, आणि मध्ये गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसरा कोणताही संबंध येऊ द्यायचा नाही. पडल्यावर त्यांच्या अवस्था एकमेकींत गुंतलेल्या, म्हणजे एकीचं वर्णन दुसरीला सोडून करता येणार नाही अशा, निघाल्या, तर ही गुंतागुंत घडवणारं गुरुत्वाकर्षण स्वतः क्वांटम असलंच पाहिजे, असा युक्तिवाद. त्यावर वाद आहेत, पण प्रश्न मोजण्याजोगा झाला हे नक्की.

कणाचं वजन हवंय किलोग्रॅमच्या १०० लाख कोटीव्या भागाएवढं. वाटेत हवेचा एखादा रेणू जरी आपटला तरी मिश्रण मोडतं, त्यामुळे पोकळी कमालीची स्वच्छ आणि थंड लागेल. २०१९ मध्ये व्हिएन्नात असं मिश्रण करून दाखवलं गेलं ते सुमारे २,००० अणूंच्या रेणूंचं. त्या रेणूपेक्षा हिऱ्याचा हा कण साधारण २५ कोटी पट जड आहे.